सिंगल, डबल अन् गोठलेलं पानी

या तोंडात जेवढे दात उरले तेवढ्या साऱ्या दातांची शपथ घेऊन सांगून राह्यली मी, यातला शब्द न् शब्द खरा हाय! ज्याले खोटं वाटन त्यानं केळापुरात जावं अन् कोनालेही इचारावं. फक्त लीलाबाईले इचारू नोका. थे बाई लय फेकते.

तर त्या साली केळापुरात अशी थंडी पडली का चुलीतला धूर बाहेर जायले तयार होत नव्हता. छपराले अंग लावून तिथंच बसे, ऊब सोडून कोन जाईन म्हने. कोंबडे गोधडीत तोंड घालून आरवत. नाल्यातले मासे काठावर येऊन लोकाइच्या शेकोटीजवळ बसले अन् ऊन निघाल्यावर आपापल्या पान्यात गेले. त्याइले कोनी पकडलं नाही, कारन शालीतून हात बाहेर काढायची कोनाची हिंमत नव्हती.

अशा थंडीतही कौसल्या मात्र सुखात होती. त्याचं कारन तिचा नवरा देवराव.

देवराव एसटीत कंडक्टर होता. उभी हयात पांढरकवडा-वणी केली अन् रिटायर होऊन घरी बसला. घरी बसला म्हनजे सैपाकघरात बसला. भाजीवरचं झाकन काढून पाह्याचा, तिखट एवढं काहून, मीठ आताच कायले टाकलं, कनीक सैल काहून भिजवली. चेकिंगवाले गाडीत चढतात तसा दिवसातून केव्हाही सैपाकघरात चढे. पुढच्या स्टॉपवर उतरा म्हनून कौसल्येनं सांगूनही पाह्यलं, पन थो काही उतरला नाही.

मंग थंडीच्या सुरुवातीले पोरगी आली, मोनाली, बंगलोरवरून. तिले कंपनीनं काही महिन्यासाठी परदेशात धाडलं होतं, म्हनून तिनं पाळलेले दोन फेरेट माय-बापाजवळ आनून ठेवले. फेरेट म्हनजे मुंगसाचं तोंड, मांजराचे लाड अन् हातभर लांब अंग. वास असा का कौसल्येनं पहिल्याच दिवशी त्याइले घराबाहेर काढलं. देवरावनं आंगनात निंबाखाली जाळीचं मोठं खुराडं बांधलं, आत झोपायले लाकडी पेटी ठेवली, अन् त्याइचं बारसंही केलं. जो दिवसभर लोळून राह्याचा थो सिंगल, अन् जो एका जागी थांबत नव्हता थो डबल. कंडक्टरनं एक घंटी मारली का गाडी थांबते, दोन मारल्या का सुटते, तसं.

त्या दिवसापासून देवराव सैपाकघराकडे फिरकला नाही. सकाळी खुराडं झाडे, दुपारी त्याइले अंडं चारे, संध्याकाळी त्याइच्या संग गप्पा मारे. कौसल्येनं किती तरी वर्षानं एकटीनं वांग्याची भाजी केली, मनासारखी तिखट, अन् मधात झाकन कोनीच उघडलं नाही. तिचे डोळे भरून आले. मिरचीनंही आले असतील. तिनं मनात ठरवलं, हे वासाडे जेवढे दिवस राहतील तेवढे राहू देत.

अन् तशात एक दिवस सकाळीच मोनालीचा व्हिडिओ कॉल आला. जय भीम झालं, तब्येत-पानी झालं, अन् मंग तिनं सिंगल-डबल दाखवा म्हटलं. देवराव फोन घेऊन खुराड्याजवळ गेला, तर दोघंही पान्याच्या भांड्यापुढे उभे राहून जीभ मारून राह्यले होते अन् जीभ नुसती घसरून राह्यली होती. पानी दगड झालतं. देवरावनं तो बर्फाचा तवा उचलून तोंडापुढे धरला. त्यातून त्याचं नाक दुधीभोपळ्याएवढं दिसे.

"पाह्यलं का मोनाली," थो मोठ्या अभिमानानं म्हने, "फ्रिज नाही, लाइट नाही, अन् केळापुरात बर्फ."

मोनाली काही हासली नाही. तिनं सांगतलं का या जनावराइले घडीघडी पानी लागते, एक दिवस भेटलं नाही तरी दुखनं धरतात. नागपूरले पाळीव जनावराइचं एक हॉस्टेल हाय, तिथं गरम खोली हाय, रविवारी तिथली गाडी येऊन दोघाइले घेऊन जाईन. तुमची काही चूक नाही बाबा, असंही म्हनली.

देवरावचं तोंड उतरलं. त्यानं कौसल्येकडे वळून इचारलं, "आज भाजी कायची हाय?"

कौसल्येनं ओळखलं, आता हा पुन्हा सैपाकघरात चढनार. तिनं त्याच्या हातचा फोन घेतला.

"मोनाली, रविवारी सकाळी आधी फोन कर. पानी पातळ दिसलं तर गाडी पाठवू नोको."

आता गोम अशी का आपल्या इकडे पानी थंड कसं ठेवाचं हे पाळन्यातल्या लेकरालेही समजते. मातीचं पसरट भांडं घ्याचं, खाली रेती टाकाची, भोवती ओलं पोतं गुंडाळाचं, अन् वारं लागन अशा जागी ठेवाचं. पन पानी गरम ठेवाची पाळी आपल्यावर कधी आली? पान्याची काळजी घे म्हटलं का देवरावले एकच रीत माहीत. त्यानं खुराड्यातल्या भांड्याले मोठ्या मायेनं हे सारं केलतं. कौसल्या फोन ठेवून पाह्यते तर थो पुन्हा पोतं भिजवून राह्यला.

"अवो, हे काय करून राह्यले?"

"काल कमी भिजलं असन. पोतं पान्याले जपते. बैसाखात जपते तर आता काय नाही जपनार?"

त्या रात्री त्यानं दोन पोते गुंडाळले. सकाळी बर्फ बुडापर्यंत गेला, भांडं तडकलं, अन् डबल त्या बर्फावर इकडून तिकडे घसरगुंडी खेळून राह्यला. कौसल्येनं वाद घातला नाही. तुमची गाडी चुकीच्या रस्त्यानं चालली, हे कंडक्टरले बायकोनं सांगतलेलं खपत नाही. तिनं पोते उचलून भिंतीवर वाळत टाकले अन् शेजारी लीलाबाईकडे विरजन मागाले गेली.

लीलाबाईच्या घरात कापूस भरून होता, भाव येईपर्यंत. बसाले दुसरी जागाच नव्हती म्हनून कौसल्या ढिगावरच टेकली. टेकल्याबरोबर तिचे पाय कापसात गेले, अन् आत अशी ऊब का कोनी निखारा लपवून ठेवला असं वाटे. विरजन राह्यलं बाजूले. तिनं पाटीभर कापूस मागतला.

"त्या मुंगसाइले गादी करतं काय वं?" लीलाबाईनं इचारलं. "उद्या माह्या कोंबड्याइवर डोळा ठेवतीन थे."

"पाटीभर दे. तुह्या कोंबड्याइलेही कोमट पानी पाजीन."

घरी येऊन कौसल्येनं घमेल्यात कापूस दाबून भरला, मधात स्टीलची वाटी बसवली अन् वाटीत कोमट पानी ओतलं. काम बरोबर झालतं. पन सकाळी पाह्यते तर घमेल्यात कापसाचा बोळाही नाही. डबलनं रातभर वाहून सारा कापूस पेटीत नेला होता अन् दोघं त्यात घोरून राह्यले होते. उघड्या वाटीत पापडाएवढा बर्फ होता. अन् दुसऱ्या दिवशी रविवार.

मंग कौसल्येनं डोकं चालवलं, अन् थेही डोक्यावरच्याच वस्तूवर. पान्याचा गुंड डोक्यावर घेताना खाली फडक्याची चुंबळ ठेवतो ना आपन, तशी तिनं जुन्या पातळाची एक चुंबळ शिवली. एवढी मोठी का हत्तीनं डोक्यावर घ्यावी. आत कापूस कोंबला, गोधडीच्या जाड धाग्यानं टाके असे घट्ट मारले का डबलच्या बापालेही उसवता येऊ नये. खालून तसलीच एक गादी लावली, कापूस ओला होऊ नये म्हनून वरून प्लास्टिक, अन् मधात वाटी.

देवराव येऊन पाहून गेला. त्याचा हात सवयीनं भिंतीवरच्या पोत्याकडे गेला. कौसल्येनं त्याले तिथंच काम लावलं. तुराट्याची ताटी करून वाऱ्याच्या बाजूनं उभी करा, त्याबिगर काही जमनार नाही. देवरावले वाटलं का मुख्य काम हेच हाय, अन् तिनं तसं वाटू देल्लं. झोपाच्या आधी तिनं वाटीत कोमट पानी बदलून टाकलं.

रविवारी दोघंही तांबडं फुटताच खुराड्यापुढे उभे. कौसल्येले पाहाची छाती होईना. देवरावनं जाळीतून बोट घातलं, बोट बुडालं. त्यानं ओलं बोट तिच्यापुढे धरलं. पानी पातळ तर होतंच, वरून वाफ निघे. चिमन्या आंघोळीले रांग लावून बसल्या होत्या. लीलाबाईचा कोंबडा जाळीतून एक पाय घालून असा शेकत उभा होता का हाकलला तरी हालेना.

मोनालीचा फोन आला. सिंगल, जो जेवाले उठत नव्हता, थो सोताहून पेटीतून निघाला, झुलत झुलत वाटीजवळ गेला अन् पिऊन राह्यला, लप लप लप. आवाज परदेशात ऐकू गेला.

"राहू द्या मंग," मोनाली म्हनली. "होळीपर्यंत राहू द्या. आपलं ऊन त्याइले सोसनार नाही, तवा मी येईन न्यायले. पन आई, हे डोकं कोनाचं?"

कौसल्येनं तोंड उघडलं, तेवढ्यात देवरावनं सांगून टाकलं का आम्ही दोघाइनं केलं. फोन बंद झाल्यावर मात्र थो चुंबळीकडे पाहत बराच वेळ उभा राह्यला, अन् हळूच म्हनला, "चुकलं माह्यं, कौसल्ये. पोतं ओलं कराले नाही पाह्यजे होतं."

कौसल्या आत गेली. चुलीवर अंबाडीची भाजी ठेवली, झाकन सोताच्या हातानं उघडलं, वास घेतला, अन् आनखी दोन मिरच्या टाकल्या. बाहेर देवराव फेरेटाइले दटावून राह्यला होता, पुढे सरका, पुढे जागा हाय. तिनं तिसरी मिरचीही टाकली.

आता एवढ्या दातांची शपथ घेऊन बसली हाय म्हनून सांगावं लागते. बाकी सारं जसं झालं तसंच सांगतलं, पन देवराव "चुकलं माह्यं" म्हनला, तेवढं मी मनानं जोडलं.