मला सरळ उडायला शिकवलं त्याची गोष्ट

मित्रांनो, माझ्या अंगाची सुरळी जागोजागी उसवली आहे, रंग उडाला आहे, तरी ओळखलंत ना? मी एक जुना कागदी बाण आहे. तुम्ही मला रॉकेट म्हणाल. पण माझ्या पोटात आग नाही की दारू नाही. सायकलच्या पंपाची हवा, एवढंच काय ते माझं बळ. भीती मात्र पोटभर आहे.

एका प्लंबरने जुन्या कॅलेंडरचं पान पाइपवर गुंडाळून, खळ लावून मला घडवलं. परसात त्याने प्लास्टिकचा जाड पाइप उभा केला होता, त्याला खाली एक तोटी आणि पंप. मला पाइपावर टोपीसारखं चढवायचं, हवा भरायची आणि तोटी झटकन फिरवायची, की मी सुटलो! हा सगळा खटाटोप त्याच्या लेकीसाठी. तिचे पाय एका जागी ठरत नसत, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. मी जमिनीवर टेकायच्या आत ती मला उचलायला धावत सुटे. पहिल्या दिवसापासून माझ्या जिवाला तोच घोर लागला. ही पोर कधी ना कधी माझ्या वाटेत येणार, आणि माझ्या हातून तिला इजा होणार.

त्यातून मी उडायचो वेडावाकडा. दोन पुरुष उंच गेलो की कोलांट्या सुरू. आपण कुठे जाऊन आदळणार हे आपल्यालाच ठाऊक नसावं, याहून भयंकर काय असेल? प्लंबरला एकच औषध माहीत. "हवा कमी पडतेय," तो म्हणे. वरच्या मजल्यावर पाणी चढेना की दाब वाढवायचा, हा त्याचा रोजचा धंदा. शिवाय माझ्या बुडातून हवा गळते म्हणून त्याने नळाच्या आट्यांना लावतात ती पांढरी टेप माझ्या शेपटीला गुंडाळली. आधी दोन वेढे, मग दहा, मग मोजणंच सोडून दिलं. दर वेढ्यागणिक मी जास्तच बिथरत गेलो. एका संध्याकाळी हवेतच उलटा फिरलो आणि थेट भिंगरीच्या गालावर आदळलो. डोळा बोटभर अंतराने वाचला.

ती रडली. मला रडताही आलं नाही. प्लंबरने मला भंगाराच्या डब्यात फेकलं, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पण भिंगरीची आत्या शिवणकाम करायची. तिने मला डब्यातून काढलं आणि बरोबर मध्यावर दोरा बांधून टांगलं. माझी शेपूट धपकन खाली गेली.

"बघ दादा," ती म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! बूड जड आणि डोकं हलकं, मग सरळ चालेल कसा?"

"अगं, पण गळती?"

"गळू दे थोडी. तुझ्या नळांपेक्षा कमीच गळतोय."

तिने सगळी टेप सोलून काढली. नाकात गोटीएवढा मातीचा गोळा बसवला, वर कोटाच्या खांद्यातला मऊ स्पंज चढवला. कॉलरच्या आत घालतात त्या कडक बक्रमचे तीन पंख कापले आणि मापाच्या टेपने सारखं अंतर मोजून शेपटीला चिकटवले. पुन्हा टांगलं, तेव्हा माझं नाक अदबीने झुकलं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ गेलो. प्लंबर लहान पोरासारखा नाचला. तुम्हाला वाटेल, माझी भीती गेली. छे! ती दुप्पट झाली. आजवर मी कुणाला लागलो तर चुकून लागत होतो. आता ज्याच्यावर रोखतील, त्यालाच लागणार होतो.

आणि तशी वेळ आलीही. नेम धरायच्या हौसेने प्लंबरने पाइप आडवा केला आणि समोरच्या कठड्यावर रिकामा डबा ठेवला. मी डबा पाडायचा, भिंगरीने तो पुन्हा उभा करायचा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी सुटण्याआधीच वाऱ्याने डबा पडला आणि भिंगरी धावली. प्लंबर खाली मान घालून पंप मारत होता. माझं नाक तिच्या तोंडावर रोखलेलं. मी जीव तोडून ओरडलो, पण कागदाचा आवाज तो कितीसा?

"दादा, पोर!"

आत्या किंचाळली तेव्हा त्याचा हात तोटीकडे वळला होता. तिने धावत येऊन पाइपाला खालून लाथ घातली. पाइपाचं तोंड आभाळाकडे झालं आणि मी सुटलो.

मित्रांनो, इतका सरळ मी आयुष्यात कधी उडालो नव्हतो. तसूभरही हललो नाही. पण वर कुणीच बघत नव्हतं. खाली प्लंबर गुडघ्यांवर बसून लेकीला छातीशी आवळत होता, आणि ती विचारत होती, "बाबा, बाण कुठे गेला?"

मी शेजारच्या छपरावर पडलो. मला उतरवायला कुणी आलं नाही, त्याची तक्रार नाही. आम्हाला सरळ उडायला जरूर शिकवा, आम्हालाही ते आवडतं. फक्त तोटीला हात लावण्याआधी मान वर करून एकदा समोर पाहा. तुम्हाला थांबता येतं. मला येत नाही.