तारेश्वर महाराजांची तार

बारामती एमआयडीसीजवळच्या फळपीक संशोधन केंद्रात त्या सकाळी पंचक्रोशीतले द्राक्षबागायतदार काचेला नाकं लावून उभे होते. आत संगणकापुढं पाटावर तारेश्वर महाराज बसले होते. पडदा हळदीकुंकवानं निम्मा माखलेला. महाराजांनी शंख फुंकला, "ओम् तरंगाय फट्!" अशी आरोळी ठोकली, आणि इंदापूरच्या उपकेंद्रातून रोज रांगत येणारा द्राक्षपानाचा फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर उमटला!

"आला! आला!" गर्दीनं टाळ्या पिटल्या. एकानं तर दारातच लोटांगण घातलं.

मागं करुणा उभी होती. वालचंदनगरच्या कारखान्यातल्या बुद्धघोषरावांची ही लेक इंजिनियर होऊन केंद्राचं संगणकजाळं सांभाळायला आली होती, आणि आता तिलाच त्या खोलीत बंदी होती.

झालं असं, की फोटो झटपट यावेत म्हणून भिगवणला नवा रेडिओ टॉवर उभा राहिला, तरी फोटोंचा वेग टेलिफोनच्या जुन्या तारेवर होता तेवढाच राहिला. फवारणीचा सल्ला मिळेपर्यंत केवडा रोग बाग खाऊन मोकळा. करुणानं टॉवर पुन्हा पुन्हा तपासला. तो ठणठणीत होता. शेवटी संचालक विजयसिंहांनी महाराजांना बोलावलं. हे गृहस्थ पूर्वी तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवत. पाणी काही लागेना, तेव्हा त्यांनी विज्ञानात पाऊल टाकलं.

"टावर आला त्याच म्हयन्यात ही बाई आली," महाराजांनी निदान केलं. "यंत्राला विटाळ झालाय!"

परदेशात शिकून आलेल्या विजयसिंहांनी मान डोलावली. "करुणाताई, थोडे दिवस ग्रंथालयात बसा."

विटाळ! करुणाच्या आजीनं, अक्काबाईनं, हा शब्द पाणवठ्यावर ऐकला होता. नातीला तो संगणकाच्या खोलीत ऐकावा लागला. ती आतून पेटून उठली होती.

पूजा आटोपली की वेग पुन्हा मंदावे. मग पुन्हा पूजा. आजही सगळे महाराजांच्या दाढीकडं बघत होते. करुणा मात्र यंत्रांचे दिवे न्याहाळत होती. पूजेआधी शिष्य सिद्धूनं "मंत्रात घंटी नको" म्हणत भिंतीवरच्या टेलिफोनच्या सगळ्या पिना उपटल्या, आणि एरवी मख्खासारखा बसलेला रेडिओच्या पेटीवरचा दिवा फडफडायला लागला.

करुणाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टॉवर चांगलाच होता. त्यावरून काही जातच नव्हतं!

ती गर्दी सारून सरळ आत शिरली आणि संगणकापुढं बसली.

"विटाळ! विटाळ!" महाराज पाटावरून उडाले.

"विटाळच झालाय ना? मग आता फोटो यायला नको. जोतीरामतात्या, आत या. त्या पिना लावा."

बागायतदारांतल्या म्हाताऱ्या जोतीरामतात्यांनी पुढं होऊन पिना लावल्या.

"महाराज, म्हणा मंत्र."

महाराजांनी घसा फोडला, शंख फुंकला. फोटो गोगलगायीसारखा सरकू लागला.

"आता पिना काढा, तात्या. महाराज, तुम्ही गप्प बसा."

पिना निघाल्या. फोटो धाडकन आला! खुर्चीत करुणा तशीच बसलेली.

"आयला!" तात्या म्हणाले. "म्हंजी मंत्र माज्या हातात हाय व्हय?"

बाहेर हशा पिकला. कुणीतरी सिद्धूची मानगूट धरली. तो घाईघाईनं बोलला, "माजं काय न्हाय वो! पयल्यांदा फोन वाजला म्हनून उपटल्या, अन् फोटू पळत आला. मग महाराजच म्हनले, दर येळंला उपटत जा, अन् पूजा झाली की परत लावत जा!"

"इंदापूरहून यायला माहितीला दोन वाटा आहेत," करुणा म्हणाली. "टेलिफोनची तार थेट येते, पण बोळासारखी अरुंद. टॉवरची वाट भिगवणवरून, दोन टप्प्यांची, पण हमरस्त्यासारखी रुंद. वाट निवडणारं यंत्र रुंदी बघत नाही. आपण प्रत्येक टप्प्याला जो खर्चाचा आकडा देतो, त्याची बेरीज बघतं आणि कमी बेरजेची वाट धरतं. टॉवर बसवणाऱ्यांनी प्रत्येक टप्प्याला एक हाच आकडा ठेवला. तारेची बेरीज एक, टॉवरची दोन. म्हणून ते बोळात घुसतं. पिना काढल्या, बोळ बंद झाला, की हमरस्त्यावर येतं."

तिनं तिथूनच दोन्ही टोकांना तारेचा आकडा वाढवून दहा केला. तात्यांनी पिना पुन्हा लावल्या. तरीही फोटो भरधाव आला.

"आडचन आकड्याची हुती, बाईची न्हाय," तात्या विजयसिंहांकडं बघत मोठ्यानं म्हणाले. महाराज शंख काखोटीला मारून केव्हाच पसार झाले होते.

विजयसिंह पुटपुटले, "करुणाताई, मी माफी..."

"माफी इथं नको, सर. ज्यांच्यासमोर मला बाहेर काढलंत, त्यांच्यासमोर मागा."

त्यांना व्हरांड्यात जाऊन मागावी लागली.

मंडळी, चमत्कार दिसला तर हात जोडायची घाई करू नका. आधी विचारा, या वेळी नेमकं काय बदललं? मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा: कधी मंत्र, कधी पिना. खरं कारण आपसूक बाहेर येतं. आणि कुणी माणसालाच विटाळ म्हणायला लागला, तर तपासायचीही वाट बघू नका. त्याला दार दाखवा.