नवव्या प्रकरणातला मास्तर

स्पॅनिश विभागाच्या प्रमुखांना मुलं पाठीमागे सहीबहाद्दर म्हणत, आणि ते नाव उगीच पडलेलं नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या वर्गाला ते दरवर्षी एका जाड पुस्तकाची प्रकरणं वाटून देत. याला म्हणायचं ‘सराव’. चौदा मुलं महिनोन्महिने शब्दकोशात डोकं खुपसून भाषांतर करत. सर ते गोळा करत, पहिलं आणि शेवटचं पान वाचत, चार शब्द बदलत आणि खाली सही ठोकत. वर्षभरात पुस्तक बाजारात. मुखपृष्ठावर नाव कोणाचं, हे सांगायला हवं का? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

धाकटीच्या बाबतीत त्यांनी वर्गाचीही वाट पाहिली नाही. घरी तिला धाकटी म्हणत, आपणही तेच म्हणू. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिने हौसेने एक अख्खं छोटं पुस्तक आपल्या भाषेत आणलं आणि सरांकडे फक्त तपासायला दिलं. तिचे बाबा शिंपी. “स्पॅनिश शिकून काय तिकडच्या बैलांशी बोलणार आहेस?” म्हणून चिडवणारे तेच बाबा आता माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले, “लेकीचं पुस्तक येतंय हो!”

पुस्तक आलं. बाबांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नाव शोधत चाळलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बारीक अक्षरात असेल कुठेतरी. माझा नंबर वाढलाय.”

नंबर वाढलेला नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे धाकटीला.

ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. “अगं, भाषांतर हे सामुदायिक काम असतं,” सर म्हणाले. “थोडक्यात सांगायचं तर, तुझं वय अजून शिकायचं आहे.” ते थोडक्यातलं अर्धा तास चाललं. अधूनमधून सर खिशातल्या कंगव्याने काळे केलेले केस मागे सारत होते. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार करावी, तर अर्ज विभागप्रमुखांमार्फतच द्यायचा, असा नियम. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तिने अर्ज लिहिला नाही. मनात मात्र गाठ मारली, या माणसाचं नाक भर सभेत कापायचं.

शेवटच्या वर्षी ‘सरावा’ला एक कादंबरी आली. समुद्रापारच्या एका म्हाताऱ्या लेखिकेची, कोळ्यांच्या गावावरची. प्रत्येकाने आपापला वाटा वाचला. धाकटीच्या वाट्याला नववं प्रकरण होतं, पण तिने सगळी कादंबरी दोनदा वाचली. गोष्ट साधी होती. गावात शाळा नाही, म्हणून पोरं होडीतून खाडीपलीकडे शिकायला जातात. कादंबरीचं सगळं दुःख त्या नसलेल्या शाळेभोवती फिरत होतं.

धाकटीने नवव्या प्रकरणात दीड पान घुसवलं आणि त्या गावाला एक शाळामास्तर दिला. हा मास्तर कधी समुद्रावर जात नाही, पण दुसऱ्यांच्या जाळ्यातल्या माशांनी आपली टोपली भरतो आणि टोपलीवर आपलं नाव घालतो. केस काळे करतो, खिशात कंगवा बाळगतो आणि ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हणून अर्धा तास बोलतो. ज्याने कादंबरी एकदा तरी वाचली असेल, तो या मास्तरापाशी अडखळल्याशिवाय राहणार नाही, हाच तर सापळा होता.

“अगं, त्यांनी वाचलं तर वर्ष गेलं तुझं! जिवंत गाडतील,” शेजारच्या बाकावरची मैत्रीण घाबरून म्हणाली.

“वाचलं तर खड्डा मी स्वतः खणून देते,” धाकटी म्हणाली. “वाचलं तर!”

वाचलं नाही. सरांनी सही ठोकली आणि पुस्तक छापून आलं.

प्रकाशनाला लेखिका स्वतः आल्या. ऐंशी उलटलेल्या, हातात काठी. सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत कुलगुरू, तिसऱ्या रांगेत स्वतः शिवलेला कोट घालून बाबा. सरांना स्पॅनिश वाचता येई, कळेही, पण बोलायची वेळ आली की नेमका घसा बसायचा. म्हणून दुभाषी धाकटी. उतारा वाचायलाही तीच. “कुठलाही वाच,” सर म्हणाले, “सगळंच सरस उतरलंय.”

धाकटीने मास्तर वाचला. टोपलीवर नाव घातलं तिथे मागची रांग खुदखुदली. कंगवा आला तसं अर्धं सभागृह हसलं. ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हटल्यावर कुलगुरूंनी रुमाल तोंडाला लावला. सर आधी सगळ्यांबरोबर हसत होते. मग त्यांचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

“हा मास्तर कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो,” कुलगुरू म्हणाले.

“मुळातच तसा आहे,” सर घाईने म्हणाले. “मी आपला तो जिवंत केला, इतकंच.”

“विचारा बरं बाईंना, कोण होता हा?”

धाकटीने विचारलं. म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या. तिचं उत्तर धाकटीने सावकाश, शब्द चघळत सभागृहाला दिलं, “बाई विचारताहेत, कुठला मास्तर? माझ्या गावात शाळाच नाही. पुस्तक त्याच्यावरच तर आहे.”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारीने पुन्हा विचारलं, “मग हे पान लिहिलं कोणी?”

“मी,” धाकटी आधी म्हातारीच्या भाषेत म्हणाली आणि मग आपल्या. “अख्खं पुस्तक आम्ही चौदा जणांनी केलंय. सरांनी सही केली.”

मागच्या रांगेत तेरा जणांनी टाळ्या पिटल्या. बाबा ताठ बसले होते. दोन वर्षं धाकटीच्या घशात अडकलेलं काहीतरी खाली उतरलं, आणि ते इतकं गोड लागलं की तिला मोठ्याने हसावंसं वाटलं.

म्हातारी हसत नव्हती. ती धाकटीकडे पाहून हळू आवाजात दोन वाक्यं बोलली. धाकटीचा चेहरा उतरला. कादंबरीत एक मुलगा खाडीत बुडतो, हे तिला ठाऊक होतं. तो कोण, हे कुठेही छापलेलं नव्हतं.

“काय म्हणाल्या?” कुलगुरूंनी विचारलं.

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. मागच्या रांगेपर्यंत म्हातारीचा आवाज पोचला नव्हता. कळलं होतं ते फक्त शेजारी बसलेल्या सरांना, आणि ते मान पुढे काढून वाट पाहत होते, ही पोर आता काय गाळते ते.

धाकटीने एकही शब्द गाळला नाही.

“बाई म्हणताहेत, तू माझ्या गावात शाळा बांधलीस. मग त्या सकाळी माझा भाऊ होडीत बसून कुठे गेला?”