साहेबाला भेटायला निघालेली चाळ

तुमचा विश्वास बसणार नाही, पैज लावतो. पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये टाइपरायटर बडवता बडवता केस पिकले माझे, पण साहेबाला इंग्रजी शिकवून माणूस कामावर परत आणणारा हा विनायकआप्पा एकच.

यंदाच्या, सत्त्याण्णवच्या दिवाळीआधीची गोष्ट. हा आपला बळीराम. डाईंगमध्ये, कापड रंगवताना, वाफेने हात भाजला. बरा होऊन गेला, तर गेटवर म्हणाले, जागा भरली. आता आपल्याकडची रीत काय? मोठ्या माणसाकडे शब्द टाकायला एकट्याने जायचं नाही. एकटा गेला तर भिकारी, चार माणसं घेऊन गेला तर पाहुणा. म्हणून अख्खी चाळ निघाली. पुढे बळीराम, हातात साहेबाला द्यायला नारळ.

साहेबाने काचेतून पाहिलं. जमाव, आणि पुढच्याच्या हातात दगडासारखं काहीतरी. फोनवर ओरडला, "कन्फ्रंटेशन! क्लॅश होणार!" पोलिसांची जीप आली. पळापळीत नारळ गटारात. बळीरामचं नाव पुढारी म्हणून गेटवरच्या फळ्यावर लागलं. नारळ द्यायला गेला आणि स्वतःच नारळ घेऊन आला बिचारा. आता पांडेसऱ्यात कुठली मिल त्याला उभं करते?

इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं ऐका.

मी सरळ केबिनमध्ये. म्हटलं, "साहेब, शब्द जपून वापरा. मीटिंगला खुर्च्या मांडतात, क्लॅशमध्ये त्याच फेकतात. कन्फ्रंटेशनला दोघं नजरेला नजर भिडवून उभे राहतात. बळीरामची नजर तर तुमच्या बुटांवर होती. आणि एन्काउंटर म्हणजे कधी नुसती वाटेत पडलेली गाठ, कधी जीपमध्ये बसवलेला माणूस घरी न येणं. जीप तुम्ही बोलावलीत. यातलं झालं काय, तुम्हीच सांगा."

साहेबाचा चष्मा ओला झाला हो! म्हणाला, "आप्पा, माणसं नुसती भेटायला आली होती." स्वतः गेटपर्यंत आला, बळीरामच्या गळ्यात हार घातला, "उद्यापासून ये" म्हणाला. सुट्टी असून भोंगा वाजवला!

चाळीच्या ओट्यावर आप्पांची गोष्ट इथे संपली. ओट्याच्या टोकाला दगडावर लोखंड घासल्याचा आवाज चालूच होता. समोर बारडोलीला ऊसतोडीची माणसं नेणारा टेम्पो उभा. बळीरामची बायको सुमन भांड्यांचं बोचकं बांधत होती. तिचे हात थांबले.

"खोटं, आप्पा," ती म्हणाली. "केबिनच्या दाराला बोटसुद्धा लावलं नाही तुम्ही. हे कामावर गेलेत ना? मग त्या भाजक्या हाताने कोयता कोण घासतंय?"