सदतीस नंबरचा शब्द

आपल्याला एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नाही असं सरांना कधी वाटलंच नाही, आणि त्यांचं सगळं तिथंच चुकत गेलं. कॉलेजात सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, पण नाव झालं ते आकडेमोडीच्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरचे जाणकार म्हणून. महागड्या सॉफ्टवेअरची ज्यांची ऐपत नाही ते सगळे हे फुकटचं वापरत आणि अडले की सरांना फोन लावत. अडायचं बहुतेक एकाच जागी, फाइल सेव्ह होत नाही म्हणून. सर पलीकडच्याचं निम्मं वाक्य ऐकून घेत आणि उरलेलं स्वतःच पुरं करत. दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर निघे. दहाव्या वेळी काय झालं हे सांगायला कुणी परत फोन करत नसे, त्यामुळे सरांच्या हिशेबी दहातल्या दहा.

त्या मंगळवारी फोन आला तो थोरल्या बहिणीचा. सर दाताच्या डॉक्टरांकडे बाकावर बसले होते. गाल सुजलेला, आणि आत बोलावतील बोलावतील म्हणून जीव टांगलेला.

"अरे, फाइल सेव्हच होईना. लिहिता येत नाही असं काहीतरी येतंय."

"रकाने काय काय आहेत तुझे?"

"वय, झटका आल्याची तारीख, किती दिवसांनी बोलले, आणि पहिला शब्द."

"शब्द? अगं ताई, आकड्यांच्या सॉफ्टवेअरात शब्द कशाला कोंबतेस? तिथंच अडलंय ते. खालच्या दुसऱ्या टॅबवर जा. शब्दाच्या रकान्याचा टाइप स्ट्रिंग, म्हणजे अक्षरी असेल, तो न्युमरिक, म्हणजे आकडी कर. मग डेस्कटॉपवर सेव्ह कर."

"शब्द जाणार नाहीत ना रे?"

"नाही गं बाई, कुठं जातायत! चल, मला बोलावलं." आणि सर दात उपटून घ्यायला आत गेले.

ताई एका हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघाताच्या झटक्याने ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करणं हे तिचं काम. गेली सात वर्षं ती एक नोंद ठेवत आली होती: मुकं झालेलं माणूस पुन्हा बोललं तर सगळ्यात आधी काय बोललं. लोकांना वाटतं देवाचं नाव येत असेल, आईचं येत असेल. ताई सांगायची, छे, कुणी 'पंखा' म्हणतं, कुणी कचकचीत शिवी हासडतं. अशी चौऱ्याण्णव माणसं झाली होती. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या आधी आयुष्यातला पहिला आणि शेवटचा शोधनिबंध लिहायचा तिने चंग बांधला होता. सरांनी तिच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर घालून दिलं, कसं वापरायचं ते शिकवलं, पण त्या चौऱ्याण्णवातला एखादा शब्द तरी ऐकव असं सात वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. तो बायकी नाद आहे असं त्यांना वाटे. आता हे आठवलं की त्यांना स्वतःची लाज वाटते.

शुक्रवारी दुपारी तिचा पुन्हा फोन आला. "तू जरा येतोस का?" एवढंच म्हणाली.

तिची खोली तळमजल्यावर होती. एक मोठा आरसा, तोंडाची हालचाल बघायला. चित्रांच्या कार्डांचे गठ्ठे रबराने बांधलेले. ताई कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. पडद्यावर वय होतं, तारीख होती, दिवस होते, आणि चौथ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ठिपके. त्या सॉफ्टवेअरला जिथं आकडा सापडत नाही तिथं ते एक ठिपका मांडून मोकळं होतं. शब्दांचा आकडा कसा होणार? चौऱ्याण्णव शब्द, चौऱ्याण्णव ठिपके.

"मी त्या दुसऱ्या टॅबवरच होते रे, तिथं नुसती रकान्यांची नावं दिसतात," ताई म्हणाली. "तिथून सेव्ह केलं आणि बंद केलं. आज उघडलं तर हे."

हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. त्यांनीच दरवर्षी फळ्यावर लिहून दिलं होतं की स्ट्रिंगचं न्युमरिक करण्याआधी दुसरी प्रत ठेवा.

"कागद?" त्यांनी विचारलं.

"नियम आहे ना. नोंद कॉम्प्युटरात चढली की कागद कापायच्या यंत्रात."

मग सर कामाला लागले. कचऱ्याची पेटी पाहिली, तात्पुरत्या फायलींचं फोल्डर पाहिलं. ताईचा पेनड्राइव्ह लावला आणि मंगळवारच्या अडचणीचं खरं कारण तेव्हा समोर आलं. पेनड्राइव्ह गच्च भरला होता. तिच्या सुनेने बाळाचे चाळीस व्हिडिओ त्यावर टाकले होते. फाइलला लिहायला जागाच नव्हती, बाकी काही नाही. शब्दांचा काडीचाही संबंध नव्हता. डेस्कटॉपवर सेव्ह कर एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. पेनड्राइव्हवरची जुनी प्रत अर्धवट लिहिली जाऊन कामातून गेली होती.

सर तिला म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. शंभर टक्के माझी."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "निबंधाचं जाऊ दे. उद्या दहा वाजता सदतीस नंबरच्या बाई यायच्यात."

सदतीस नंबर म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ. दोन वर्षांपूर्वी झटका आला, चाळीस दिवस तोंडातून शब्द नाही. ते बोलले तेव्हा त्यांची बायको घरी पाय मोडून पडली होती. पुढे ते थोडंफार बोलू लागले, पण आपण आधी काय बोललो हे त्यांना आठवेना. बाईंनी तेव्हापासून किती वेळा विचारलं होतं! ताई म्हणायची, अभ्यास पुरा होईपर्यंत नोंदी कुणाला सांगायच्या नाहीत असा नियम आहे, झाला की पहिलं तुम्हाला सांगेन. महिन्यापूर्वी ते गृहस्थ गेले. बाईंनी परवा फोन केला होता, आणि ताईने नियम गुंडाळून ठेवून त्यांना या म्हटलं होतं.

"तुला आठवत नाही?"

"त्या आठवड्यात चौघं बोलायला लागले रे. ते खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेले दिसतात मला. ओठ हललेले दिसतात. शब्द येत नाही." ताईचे डोळे भरून आले. "सांगून टाकला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?"

चार वाजता सरांना एक फाइल सापडली. ताईने तीन आठवड्यांपूर्वी एकदा तक्ता काढला होता, कुठला शब्द किती वेळा आला याचा, आणि तो वेगळा सेव्ह केला होता. सर जवळजवळ ओरडलेच, "सापडले! सगळे आहेत!"

ताईने वाकून पाहिलं. 'नाही' नऊ वेळा, 'पाणी' आठ, 'अरे' पाच. "पण कुणाचा कुठला, हे कुठंय?"

ते कुठंच नव्हतं. शब्द होते, माणसं नव्हती. सर जन्मभर असेच तक्ते काढत आले होते, आणि त्यात काही कमी असतं असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं.

दोघं बसली. ताई आठवून सांगू लागली, सर एकेक शब्द माणसाला लावून खोडू लागले. घड्याळ, तो टपाल खात्यातला. चप्पल, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, स्वतःच हसल्या होत्या. असे त्रेसष्ट लागले. एकतीस शब्द बेवारशी उरले, आणि सदतीस नंबर त्यांतच कुठंतरी होता.

"ही यादी तिला दाखवायची नाही हं," उठताना ताई म्हणाली. "हरवला, चुकलं, एवढंच मी सांगेन."

"अगं, पण रिकाम्या हातानं पाठवायचं? या एकतीसांत तिचा एक आहेच. अगदी खात्रीनं आहे."

"तुझी खात्री राहू दे तुझ्याकडे."

पण सरांना राहवेना. घरी जाऊन त्यांनी ती यादी मोठ्या टायपात छापली, चारदा आलेला शब्द चारदा, आणि घडी घालून खिशात ठेवली. मोडलं आपण, तर निदान थोडं तरी आपल्या हातानं जोडून द्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यात थोडी हुशारीची हौसही होती, हे मात्र त्यांनी फार उशिरा कबूल केलं.

शनिवारी बाई दहाच्या आधीच आल्या. कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं त्यांचं. बोटं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली, दंडाजवळ ब्लाउजला एक टाचणी तशीच राहिलेली. खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "सांगा मॅडम. मी दुकान उघडलंच नाही आज."

ताईने सांगितलं. हरवला म्हणाली, भावाचं नाव काही घेतलं नाही. सरांनीच मध्ये तोंड घातलं, "माझ्यामुळे हरवला. मी यांचा भाऊ. मी चुकीचं सांगितलं."

बाई आरशात बघत राहिल्या. सरांना ते सोसेना. त्यांनी खिशात हात घातला. ताईने डोळ्यांनी नको म्हटलेलं त्यांना दिसलं, तरी कागद बाईंच्या हातात गेलाच.

"यातला एक त्यांचा आहे," सर म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला. एकेका शब्दावर बोट ठेवून त्या वाचू लागल्या, ओठ हलत होते. नको. दार. पाणी. उद्या. किती. यादीत दोन बायकांची नावं होती. तिथं बोट थांबलं, मग पुढे सरकलं. शेवटपर्यंत जाऊन त्या पुन्हा वर आल्या.

"यात सगळे आहेत ना, सर? एखादा सुटला असेल?"

या दोन दिवसांत सरांना नक्की उत्तर येणारा हा पहिला प्रश्न होता. ते घाईघाईने म्हणाले, "छे, एकही नाही. मी तीनदा मोजलेत."

"मग माझं नाव नाही," बाई म्हणाल्या.

सरांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. "म्हणजे, तक्ताच तो... राहिलाही असेल एखादा," ते पुटपुटले.

"आत्ताच म्हणालात की तीनदा मोजलेत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी कागदाची होती तशी घडी घातली आणि टेबलावर ठेवून दिली. "हरवला म्हणालात ना मॅडम, तेव्हा वाईट वाटलं होतं. पण चाललं असतं मला ते."

ताईने त्यांचा हात धरला. सर दाराशी उभे होते.

जाताना बाई उंबऱ्यात थांबल्या. "माझी लेक परदेशी असते. तिला मी सांगून बसलेय, बाबांनी आधी मला हाक मारली म्हणून. तिचा फोन आला इथं कधी, तर काही बोलू नका."

"नाही बोलणार," ताई म्हणाली.

बाईंनी मग सरांकडे पाहिलं, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.