तिसरे मिनिट

माघातले कोवळे, केशरी ऊन कृष्णेच्या निळ्याशार पात्रावरून सरकत, घाटाच्या पायऱ्या चढत, इस्पितळाच्या काचेतून आत आले आणि खाटेवरच्या एका उघड्या मनगटावर विसावले. कासारणीचे मनगट ते. जन्मभर दुसऱ्यांचे हात हिरव्या काचेने भरलेले, आणि आज सुईसाठी स्वतः रिकामे.

अनुसाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना भय वाटत होते, आणि ते भय खरे होते.

तीन आठवड्यांपूर्वी याच खाटेवर, याच औषधाने त्यांचा श्वास अडला होता. कर्करोगावरचे ते औषध मोठे हट्टी. पाण्यात काही केल्या विरघळेना, म्हणून तेलकट द्रावात मिसळून दिलेले. तो द्राव अंगाला मानवला नाही. तिसऱ्याच मिनिटाला चेहरा लाल, ओठ निळे, घसा बंद. सिस्टर मार्था आवळेने थेंब थांबवले म्हणून त्या वाचल्या. पण थेंब सुरूही तिनेच केले होते, आणि ते तिच्या काळजातून जात नव्हते.

आज औषध तेच. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रथिनकणांच्या कडेवर बसून येणारे, तेलावाचून. डॉक्टरांनी समजावले, मुलाने विनवले, अनुसाबाई बधल्या नाहीत. शेवटी मार्थाने हात धरला, तेव्हा एवढेच म्हणाल्या, "तुमी हितनं हलायचं न्हाई. मग लावा."

मार्थाने कोरड्या औषधाच्या कुपीत सलाइन सोडले, कडेकडेने, हलकेहलके. खळखळून हलवायचे नाही, नुसते फिरवायचे; हे तिला पाठ होते. तरी कुपी जरा जोरात फिरली आणि शुभ्र फेस उसळला. आता तो बसेपर्यंत पंधरा मिनिटे थांबणे आले. पंधरा मिनिटे ऊन सरकत राहिले, पंधरा मिनिटे अनुसाबाई दाराकडे पाहत राहिल्या. त्या उठून गेल्या असत्या, तर मार्थाला अडवता आले नसते. फेस विरला, तेव्हाही त्या खाटेवरच होत्या.

दुधाळ, संथ, शुभ्र थेंब. एक. आणखी एक. मार्थाचे एक बोट नाडीवर, एक नळीच्या चाकावर, नजर ओठांवर. पहिले मिनिट गेले. दुसरे मिनिट गेले. तिसऱ्यात अनुसाबाई खोकल्या.

चाक आवळले गेले. एक थेंब टोकाशी लोंबत राहिला. वॉर्डातले सारे आवाज दूर गेले, भिंतीवरचे ऊन थिजले. ओठ निळे झाले नव्हते. होतील का? खोकला पुन्हा आला, आणि ओसरला.

अनुसाबाईंनी मान वळवली, मार्थाकडे निरखून पाहिले.

"माझं झ्याक हाय, पोरी. तू श्वास घे आदी. आन् चालू कर ते."

तेव्हा कुठे मार्थाला कळले, की श्वास तिनेच रोखून धरला होता. तो सुटला, दीर्घ, ओला, हुंदक्यासारखा. चाक सैल झाले. लोंबता थेंब गळला, त्यामागून दुसरा, त्यामागून तिसरा. आणि खाटेवर एक छाती भरत होती, रिती होत होती, पुन्हा भरत होती.