हौदाचं पाणी

झुलिखानं बादली हौदात सोडली, तसा दोर नेहमीपेक्षा लवकर सैल पडला. जणू खालून कुणी तिचं ओझं हातात घेतलं.

"पुरे गं!" गच्चीवरून फतूमा ओरडली. "मडकं भरायचंय, हमाम नव्हे!"

अल्जीयर्सच्या कसब्यात चार दिवस नळाला पाणी नव्हतं. एरवी बुकाल्याचं, बायकांच्या शकुनाच्या खेळाचं, मडकं सात घरांच्या पाण्यानं भरायची रीत. या बुधवारी मात्र चौकातल्या जुन्या हौदावरच भागवायचं ठरलं. झुलिखा त्यावर काही बोलली नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच हौदात तिनं आपली कवितांची वही दगड बांधून सोडली होती, आणि ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

वस्तीच्या वाचनालयात मास्तरांनी ती वही चारचौघांत वाचली होती. एका ओळीपाशी थांबून त्यांनी चष्मा काढला. "दिवा उठून दार उघडील? बाई, दिव्याला पाय कधी फुटले? ही कविता नव्हे, धुणं बडवतानाची बडबड." लोक पोट धरून हसले. घरी येऊन तिनं आधी ती ओळ शाईनं गिरवून गिरवून काळी केली, मग वही बुडवली.

तेव्हापासून बुकाल्याला ती नुसता हात घालायला बसे. मडक्यातली अंगठी कुमारिकेनंच काढायची असते, आणि चाळिशीची झुलिखा सोडली तर त्या घरात कुमारिका उरली नव्हती.

गच्चीवर उन्हं कलली होती. घरमालकीण लल्ला खदूजनं मडक्याला ऊद दाखवला. चौघींनी अंगठ्या पाण्यात टाकल्या, वर फडकं घातलं. मग प्रत्येकीनं मनात एक माणूस धरून रुमालाला गाठ मारली. एकीनं चार ओळी म्हणायच्या, जिची अंगठी हाती लागेल तिच्या माणसाला तो शकुन. ओळी कुणी रचल्या, हे विचारायचं नसतं. लल्ला खदूजची गाठ कुणासाठी, हेही विचारायला नको होतं. तिचा मुलगा मुनीर होडीत बसून समुद्रापार निघाला, त्याला अकरा दिवस झाले होते. फोन नाही.

"आधी मी म्हणते," फतूमा म्हणाली.

"तू? तुला अंगाई येत नाही. तुझी पोरं वैतागून झोपतात!"

सगळ्या हसल्या. फतूमानं तोंड उघडलं, पण आवाज तिचा नव्हता. सपाट, ओला आवाज.

"समुद्रानं नेली चप्पल, वाळूनं ठेवला पाय,
ज्याची वाट त्याला पुसा, मला पुसून काय?
लाटेनं दिलं परत तर घेईन मी ओटीत,
नाही दिलं तर मीठ म्हणून ठेवीन भाकरीत."

झुलिखाच्या हातातला पेला कलंडला. वहीचं तिसरं पान. अक्षरन् अक्षर.

"कुठं ऐकलंस गं?" कुणीसं विचारलं.

"कोण जाणे. तोंडाला आलं." फतूमानं ओठ पुसले, आत्ताच पाणी प्यायल्यासारखे.

झुलिखानं फडक्याखाली हात घातला. फतूमाचीच अंगठी निघाली. पाणी इतकं गार होतं की मनगटापर्यंत हात बधिर झाला.

मग लल्ला खदूज सरसावून बसली. डोळे मिटलेले.

"गच्चीवरती दिवा ठेवला, वाऱ्याला दिली आण,
अंधारातल्या पावलांची दाराला नाही जाण,
आई म्हणते निजू नका गं, कडी ठेवा सैल..."

ती थांबली.

"पुढचं, लल्ला?"

"पुढचं नाही." म्हातारीचा आवाज खोलातून आल्यासारखा होता. "तिथं नुसतं काळं आहे."

अर्धा राहिलेला शकुन माणसाला आहे तिथंच अडकवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुनीर कुठं असेल, हे कुणालाच नाही. फडक्याखाली पाणी हिंदकळू लागलं. मडक्याला कुणी हात लावलेला नव्हता.

झुलिखाच्या कानात वाचनालयातलं हसू भरून आलं. ते ओसरेल म्हणून तिनं वाट पाहिली. ओसरेना. म्हातारीची बोटं रुमालाच्या गाठीवर पांढरी पडत चालली होती. शेवटी त्या हसण्यातच झुलिखा बोलली.

"दिवा उठून दार उघडील, घरचं घरी येईल."

कुणी हसलं नाही. फतूमासुद्धा. पाणी निवलं.

तिनं हात घातला आणि लल्ला खदूजची अंगठी काढली. झुलिखाची बोटं पेरांपर्यंत शाईनं निळी झाली होती.

रीतीप्रमाणे कुणी काही विचारलं नाही.

"लल्ला," झुलिखाच म्हणाली, "ते माझं आहे. आधीचंही."

म्हातारीनं ओली अंगठी बोटात सरकवली. "चार दिवस तुझंच पाणी पितोय की गं आम्ही, पोरी."

"मग पुढलं म्हण," फतूमा म्हणाली. "आणि त्या दिव्याला सांग, माझ्या नवऱ्याला तेवढं दार उघडू नकोस."

झुलिखानं बोटं पुसली नाहीत. तिनं पुढली कविता सुरू केली, वहीत नसलेली, आत्ताच सुचत असलेली.

दुसऱ्या ओळीला खाली रस्त्याच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला. खाली तर कुणीच नव्हतं. लल्ला खदूज भिंतीला धरून उठली.

झुलिखा थांबली नाही.